स्पिन सीबेकचा सिग्नल गेला? सॅम्पलला दोष देण्याआधी हीटर बंद करून बघा

"ताई, कालपर्यंत सिग्नल होता, आज गेला." हा फोन मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. सिग्नल म्हणजे स्पिन सीबेकचा: यिग या चुंबकीय गार्नेटची एक बाजू गरम केली की त्यातून स्पिन, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांचं चिमुकलं चुंबकत्व, वाहतो आणि वरच्या प्लॅटिनमच्या थरात मायक्रोव्होल्टच्या घरातलं व्होल्टेज मिळतं. फोन करणारं माणूस बदलतं, वाक्य तेच. त्यामागून येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "यिग आणि प्लॅटिनमचा इंटरफेसच खराब झालाय बहुतेक. नवीन सॅम्पल करायला टाकू?" नका टाकू. मी हा बिघाड जितक्या वेळा शोधला, त्यातल्या बहुतेक वेळा बिचाऱ्या स्पिनचा काही दोष नव्हता. दोष उष्णतेच्या वाटेत होता, नाहीतर तारांत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्या लॅबमधली जुनी खोड आहे, आणि हा संन्याशी महाग असतो.

पुढचं सगळं उभ्या मांडणीबद्दल आहे. खाली गार्नेटचं सॅम्पल, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर, आणि उष्णता वरून खाली किंवा खालून वर. तापमान साधारण खोलीचं.

आधी दुखणं ओळखा

- चुंबकीय क्षेत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी व्होल्टेजची रेघ सपाट.
- रेघ हलते, पण क्षेत्राबरोबर नाही, घड्याळाबरोबर. पंधरा मिनिटांत अर्धा मायक्रोव्होल्ट वर, मग पुन्हा खाली.
- छान लूप, म्हणजे क्षेत्र वाढता-घटताच्या दोन रेघांचा बंद वळसा, येतो, पण हीटर बंद असतानाही येतो. (सगळ्यात घातक लक्षण हेच. लूप दिसल्याच्या आनंदात हीटर बंद करून बघायचं कोणाला सुचतच नाही.)
- हीटरच्या दोन तारा अदलाबदल केल्या की सिग्नलही उलटा होतो.
- तेच सॅम्पल, तेच तापमान. सोमवारी एक आकडा, गुरुवारी त्याच्या निम्मा.
- सगळं व्यवस्थित, फक्त चिन्ह उलटं.

शेवटून दुसरं लक्षण घेऊन येणारे सर्वाधिक, आणि नवीन सॅम्पल करायला टाकणारेही तेच.

आत काय चाललेलं असतं

यिग, म्हणजे यट्रियम आयर्न गार्नेट, विद्युतरोधक आहे. त्यातून वीज वाहत नाही. पण त्यातल्या लोखंडाच्या अणूंचे स्पिन एकमेकांशी बांधलेले असतात, आणि उष्णता मिळाली की डोलतात. एक डोलला की शेजारचाही डोलतो, आणि ती लाट पुढे सरकते. या लाटांना मॅग्नॉन म्हणतात. एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की मॅग्नॉन गरमकडून थंडकडे वाहतात आणि जाताना स्पिन घेऊन जातात. एकही इलेक्ट्रॉन जागचा हललेला नसतो, तरी स्पिनचा प्रवाह सुरू असतो.

प्लॅटिनमच्या सीमेवर या स्पिनची देवघेव धातूतल्या इलेक्ट्रॉनांशी होते. प्लॅटिनमचा अणू जड, त्यामुळे त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची वाट यांची गाठ घट्ट. एका जातीचा स्पिन एका बाजूला वळतो, दुसऱ्या जातीचा दुसऱ्या. स्पिन प्रवाह आत शिरला की विद्युतभार आडवा सरकतो आणि पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टेज मिळतं. याला व्यस्त स्पिन हॉल परिणाम म्हणतात. आपला नॅनोव्होल्टमीटर मोजतो तो फक्त हा शेवटचा टप्पा.

स्पिन सीबेक परिणामाचं पहिलं निरीक्षण २००८ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठात केन-इची उचिदा, एइजी साइतोह आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. ते पर्मअलॉय या धातूवर होतं आणि उष्णता फिल्मच्या पातळीत आडवी सोडलेली होती. २०१० मध्ये त्याच मंडळींनी विद्युतरोधक गार्नेटवर हे दाखवलं, आणि आज सगळे वापरतात ती उभी मांडणीही त्याच वर्षी आली. आडवीकडून उभीकडे का यावं लागलं ते पुढे येईलच, कारण त्या चुकीचं एक पिल्लू अजून आपल्या लॅबमध्ये फिरत असतं.

आता तपासण्या. फुकटवाल्या आधी.

१. हीटर बंद करा आणि तीच फेरी पुन्हा घ्या

खर्च शून्य. वेळ दहा मिनिटं, अधिक सगळं थंड व्हायला लागतील तेवढी.

हीटर बंद असतानाही लूप दिसत असेल तर तो उष्णतेतून आलेला नाही. बहुतेकदा तो तारांच्या वेढ्यातून येतो. प्लॅटिनमपासून निघालेल्या दोन तारांमध्ये एक चौरस सेंटिमीटरची मोकळी जागा राहिली आणि क्षेत्र सेकंदाला १० मिलिटेस्लाने बदलत असेल, तर फॅरेडेच्या नियमाने त्या वेढ्यात बरोबर १ मायक्रोव्होल्ट तयार होतो. म्हणजे तुमच्या खऱ्या सिग्नलच्याच मापाचा. क्षेत्र वाढताना एका चिन्हाचा, कमी होताना उलट चिन्हाचा. दोन्ही रेघा एकत्र काढल्या की मधे पोट उघडलेला लूप तयार! एका हुशार मुलाने या लूपवर अख्खी प्रेझेंटेशन केली होती. त्याची कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र, त्याने फार काळजीपूर्वक मोजली होती.

उपाय सोपा. तारा सॅम्पलपर्यंत पीळ घालून न्या. क्षेत्र अखंड फिरवू नका, एका आकड्यावर थांबवा, दोन-तीन सेकंद जाऊ द्या आणि मग वाचन घ्या. थांबल्यावर व्होल्टेज विरलं तर ते वेढ्याचं होतं.

२. तीन दिशा

उष्णता वर-खाली, क्षेत्र डावीकडून उजवीकडे, व्होल्टेज पुढे-मागे. तिन्ही एकमेकांना काटकोनात हवेत. सॅम्पल ९० अंश चुकीचं बसलं, म्हणजे क्षेत्र आणि व्होल्टेजची पट्टी एकाच दिशेला आली, तर सिग्नल शून्य, आणि तो शून्यच यायला हवा. चौकोनी ५ × ५ मिमी तुकड्यांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो, कारण डोळ्यांना चारही बाजू सारख्याच दिसतात. सॅम्पल होल्डरवर मार्करने बाण काढून ठेवा. एवढं सांगूनही आमच्याकडे वर्षाला एक जण याच खड्ड्यात पडतो.

सिग्नल येत असेल तरी एकदा मुद्दाम ९० अंशांनी फिरवून बघा. तो गेला पाहिजे. नाही गेला तर तुम्ही दुसरंच काहीतरी मोजताय.

३. साधा मल्टिमीटर

हीटर आणि नॅनोव्होल्टमीटर दोन्ही सोडवा. प्लॅटिनमचा दोन टोकांमधला रोध मोजा. साधारण १० नॅनोमीटर जाडीच्या चांगल्या थराचा प्रत्येक चौकोनामागे रोध काही दहा ओहम असतो. म्हणजे ५ मिमी लांब आणि २ मिमी रुंद पट्टीला शंभर ओहमच्या आसपास. किलोओहम दिसला तर ओरखडा गेलाय किंवा सिल्व्हर पेंट सुकून सुटलाय. मल्टिमीटरने काही दाखवलंच नाही तर तार तुटली. अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला तर सिल्व्हर पेंटचा गोळा पट्टीवर पसरलाय. याकडे लोक दुर्लक्ष करतात. व्होल्टेज दोन टोकांमधल्या मोकळ्या अंतराच्या प्रमाणात मिळतं. पाच मिलिमीटरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर पेंट फासला तर दोन पंचमांश सिग्नल तुम्ही स्वतःच्या हाताने पुसला.

मग एक टोक प्लॅटिनमला आणि दुसरं हीटरला लावा. इथे काहीच दिसायला नको. मेगाओहमच्या घरातला आकडा दिसला तरी शंका घ्या, विशेषतः पावसाळ्यात. हीटर आणि प्लॅटिनममध्ये सफायरचा किंवा अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ तुकडा असतो. त्याच्या कडेवरून ग्रीस आणि ओलावा मिळून वाट काढतात. ही गळती ओळखायची खूणही सोपी आहे. हीटरचा प्रवाह उलटा करा. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, तिला दिशेचं सोयरसुतक नाही, म्हणून खरा सिग्नल जसाच्या तसा राहतो. गळती असेल तर तेवढा भाग उलटा होतो. वरच्या यादीतलं चौथं लक्षण ते हेच.

४. सरकणारी रेघ

प्लॅटिनम आणि तांब्याच्या सांध्यात दर केल्विनला साधारण ७ मायक्रोव्होल्ट नेहमीचा सीबेक व्होल्टेज असतो. म्हणजे पट्टीच्या दोन टोकांमध्ये एक दशांश केल्विनचा फरक पडला तरी ०.७ मायक्रोव्होल्ट. हा क्षेत्र उलटं केल्यावर बदलत नाही, म्हणून धन आणि ऋण क्षेत्राच्या वाचनांची वजाबाकी करून तिला दोनने भागलं की जातो. पण तो स्थिर असेल तरच जातो. एसी चालू-बंद होत असेल, खोलीतून माणसं ये-जा करत असतील तर तो दर मिनिटाला बदलतो आणि वजाबाकीत उरतो.

गुपित काही नाही. हीटर लावल्यावर अर्धा तास हात लावू नका. वर पुठ्ठ्याचा खोका उपडा ठेवा; खरंच पुठ्ठ्याचा, त्याने फरक पडतो. नॅनोव्होल्टमीटरच्या टोकापाशी तांब्याचे लग (तारेच्या टोकाला आवळायचे तुकडे) असतील तर काळपटलेले आहेत का बघा. तांबं-तांबं सांध्यात दर केल्विनला ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी येतं, पण तांबं आणि तांब्याचा ऑक्साइड यांच्यात हजार मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकतं. स्कॉचब्राइटने घासून चकचकीत करा आणि लगेच आवळा. कीथली २१८२ए सारखं १ नॅनोव्होल्ट दाखवणारं यंत्र घेतलं आणि टोकाला काळा लग लावला, तर काय उपयोग?

५. उष्णता नेमकी कुठे जाते

इथे थोडं थांबू या. बहुतेक बिघाड याच घरात राहतात.

तुमच्या मांडणीत दोन थर्मामीटर आहेत. एक वरच्या तांब्याच्या ठोकळ्यात, एक खालच्या. संगणकावर लिहून येतं, फरक १० केल्विन. आणि तुम्ही वहीत लिहिता: सॅम्पलवर १० केल्विन. पण थर्मामीटर सॅम्पलवर नाहीत, ठोकळ्यांत आहेत. मधे काय काय आलं? वरचं ग्रीस, प्लॅटिनम, यिग, त्याखालचा गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचा सब्सट्रेट (ज्या पायावर यिगची फिल्म वाढवतात तो), खालचं ग्रीस. सफायरचा तुकडा असेल तर तोही, त्याच्या स्वतःच्या ग्रीससकट.

एकदा आकडे मांडून बघा. गार्नेटची उष्णतावहनक्षमता मीटर-केल्विनमागे साधारण ७-८ वॅट. लॅबमधलं नेहमीचं अॅपिएझॉन एन ग्रीस: फक्त ०.१९. म्हणजे ग्रीसचा २० मायक्रॉनचा थर, ज्याला आपण "अगदी पातळ लावलंय" म्हणतो, तो उष्णतेला पाऊण मिलिमीटरहून जास्त जाडीच्या गार्नेटइतका अडवतो. सब्सट्रेट तर अर्धा मिलिमीटरच आहे. दोन्ही बाजूंना २०-२० मायक्रॉन धरले (सफायर सोडूनच द्या) तर १० केल्विनपैकी जवळपास पावणेआठ ग्रीसमध्येच खर्च होतात. सॅम्पलला मिळतात सव्वादोन. आणि त्यातही यिगची फिल्म १ मायक्रॉनची असेल तर तिच्या वाट्याला येतात साधारण ५ मिलिकेल्विन. बाकीचं सब्सट्रेट खातो.

५ मिलिकेल्विन ऐकून घाबरू नका. मॅग्नॉनांना तापमानाचा फरक नाही, उतार कळतो, आणि उतार इथे मिलिमीटरला ५ केल्विन आहे. तेवढा पुरतो. पण हा उतार तुमच्या हातातल्या ग्रीसवर अवलंबून आहे, हे लक्षात आलं का?

आता सोमवार आणि गुरुवारची गोष्ट. गुरुवारी ग्रीस २० ऐवजी ४० मायक्रॉन लागलं. डोळ्यांना फरक कळणारही नाही. ठोकळ्यांमधला फरक तोच, १० केल्विन. सॅम्पलचा वाटा मात्र सव्वादोनवरून सव्वाएकवर आला. सिग्नल जवळजवळ निम्मा. यिगला काही झालं नाही, प्लॅटिनमला काही झालं नाही, इंटरफेस तर जिथल्या तिथे आहे. आणि तुम्ही नवीन सॅम्पलचा अर्ज लिहायला बसलात.

तर करायचं काय? हीटरचे वॅट लिहून ठेवायला लागा. वरच्या उदाहरणात, ५ × ५ मिमी सॅम्पलवर सोमवारी १० केल्विन टिकवायला साधारण ०.९ वॅट लागतील, गुरुवारी अर्धा वॅटच. उष्णता कमी वाहिली म्हणून सिग्नल कमी आला, एवढंच. सिग्नलला केल्विनने भागण्याऐवजी वॅटने, म्हणजे खरं तर दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या उष्णतेने, भागून बघा. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले तर सॅम्पल निरोगी आहे. तपासणी फुकट आहे, यंत्रावर व्होल्ट आणि अँपिअर आधीच दिसत असतात, फक्त वहीत रकाना नसतो.

हे माझं स्वतःचं शहाणपण नाही. इटलीतल्या तोरिनोच्या राष्ट्रीय मापन संस्थेतल्या आणि जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच नीट मोजून दाखवलं: सॅम्पल तेच असलं तरी तापमानाच्या फरकाने मोजलं की एका मांडणीचा आकडा दुसरीशी जुळत नाही, उष्णतेच्या प्रवाहाने मोजलं की जुळतो. त्यांनी उष्णताप्रवाह मोजायला पेल्टियरचे तुकडे (वीज दिली की एक बाजू गरम आणि दुसरी थंड करणारे) वापरले होते. आपल्यालाही जमतं. बाजारात मिळणारा काही शे रुपयांचा पेल्टियर तुकडा थंड बाजूला बसवा, त्याला वीज देऊ नका, उलट त्याच्या दोन तारांवरचं व्होल्टेज मोजा. ते त्यातून जाणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणात असतं. आधी ओळखीच्या हीटरने एकदा कॅलिब्रेट करून घ्यायचं. हवेत मोजणी करत असाल तर हीटरचे सगळे वॅट सॅम्पलमधून जात नाहीत, थोडे बाजूने उडतात. तो हिशेबही पेल्टियर आपोआप सांभाळतो.

प्लॅटिनमची पट्टी स्वतःच थर्मामीटर आहे, हे तर लोक विसरूनच जातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हीटर बंद असताना रोध मोजा, मग चालू करून पुन्हा मोजा. पातळ थराचा तापमान-गुणांक जाड प्लॅटिनमच्या ०.००३९ पेक्षा कमी असतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा वापरू नका, स्वतःच्या थराचा काढा. वरचा ठोकळा म्हणतो ३१० केल्विन आणि प्लॅटिनम म्हणतो ३०६, तर वरच्या ग्रीसने चार केल्विन गिळले, असं सरळ उत्तर मिळतं.

ग्रीस लावायची माझी पद्धत: टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच, मध्यभागी ठेवायचं, सॅम्पल ठेवून हलकेच गोल फिरवत दाबायचं, आणि स्प्रिंगचा स्क्रू दर वेळी मोजून तितकेच वेढे. वेढ्यांची संख्या होल्डरवर खोदून ठेवलीय. जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवीन लावायचं नाही.

६. क्षेत्र आणि चिन्ह

हॉल प्रोब सॅम्पलच्या जागी ठेवून खरं क्षेत्र बघा. यिग फारच नरम चुंबक आहे, फिल्मच्या पातळीत थोड्याशा क्षेत्रात तो संपृक्त होतो, त्यामुळे अडचण क्षेत्र कमी पडण्याची नसते. अडचण असते विद्युतचुंबकाच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाची. पुरवठ्यावर शून्य अँपिअर म्हणजे शून्य क्षेत्र नव्हे.

चिन्ह उलटं आलं तर आधी तारांची धन-ऋण टोकं तपासा, मग उष्णतेची दिशा, मग क्षेत्राची. तिन्हीपैकी एक उलटं असलं की चिन्ह उलटतं. दोन उलटी असली की सुलटं येतं आणि चूक झाकली जाते. चिन्हाच्या या गोंधळामुळे २०१५ मध्ये अनेक लॅबना मिळून सामाईक मोजणी प्रसिद्ध करावी लागली होती, तेव्हा तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही. प्लॅटिनमऐवजी टंग्स्टन किंवा टँटलम वापरलंय का, तेही विचारा. त्या दोन्हींचं चिन्ह प्लॅटिनमच्या उलट असतं. डब्यावरचं लेबल बघा.

७. सिग्नल आहे, पण तो याचाच आहे का?

आता त्या पिल्लाकडे येऊ. धातूच्या चुंबकात उष्णता सोडली की विसंगत नर्न्स्ट परिणामानेही आडवं व्होल्टेज येतं. उभ्या मांडणीत त्याची चाल स्पिन सीबेकसारखीच असते: क्षेत्र उलटं केलं की उलटतं, उष्णता उलटी केली की उलटतं, ९० अंशांनी शून्य होतं. वरच्या सगळ्या परीक्षा हा तोतयाही पास होतो.

२००८ च्या आडव्या मांडणीची गोची हीच. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सी. एल. चिएन यांच्या गटाने दाखवलं की सब्सट्रेटवरच्या फिल्ममध्ये उष्णता आडवी सोडली तरी थोडी उभी घुसतेच, आणि नर्न्स्टचा सिग्नल मिसळतो. पुढच्या वर्षी त्यांनी यिगवर बसलेल्या प्लॅटिनमवरच संशय घेतला: चुंबकाला चिकटलेलं प्लॅटिनम स्वतः थोडं चुंबकीय होत असेल तर? २०१३ मध्ये त्यांनी प्लॅटिनमऐवजी सोनं वापरून सिग्नल दाखवला, आणि पाठोपाठ जपानी गटाने प्लॅटिनममधला नर्न्स्टचा वाटा वेगळा मोजून तो फार किरकोळ असल्याचं दाखवलं.

तुमचं सॅम्पल यिग असेल तर फार झोप उडवू नका. पण फेराइटची नवीन फिल्म असेल, जिचा रोध तुम्ही मोजलेलाच नाही, तर आधी प्लॅटिनम नसलेल्या तुकड्यावर मोजा. तिथेही सिग्नल आला तर फिल्म वीज वाहतेय आणि नर्न्स्ट आत बसलाय. दुसरी परीक्षा थोडी खर्चिक, एका स्पटरिंगची, म्हणजे धातूचा नवा थर चढवण्याची: प्लॅटिनमच्या जागी तांबं. तांब्यात स्पिनचं व्होल्टेज जवळजवळ होत नाही, त्यामुळे सिग्नल नाहीसा व्हायला हवा. टंग्स्टनचा थर देऊन चिन्ह उलटतंय का बघणं ही तिसरी.

८. आता इंटरफेस

इथवर सगळं ठीक निघालं तरच. एक ओळखीचं चांगलं सॅम्पल कायम डेसिकेटरमध्ये (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, त्यावर दुसरं काहीही करू नका. ते बसवून बघा. त्याचा वॅटमागचा सिग्नल नेहमीसारखा आला आणि तुमच्या सॅम्पलचा नाही, तर आता म्हणा की सॅम्पल खराब आहे. त्याचाही कमी आला, तर क्रमांक ५ वर परत जा.

सीमेवर स्पिनची देवघेव अणूंच्या एक-दोन थरांत होते. यिगचा तुकडा आठवडाभर उघडा राहिला आणि त्यावर तसंच प्लॅटिनम टाकलं, तर मधला मळ ती देवघेव मारतो. प्लॅटिनम टाकण्याआधी आम्लाची धुलाई, तापवणं किंवा आर्गॉनचा हलका मारा, हे तिन्ही उपाय छापील संशोधनात आहेत आणि तिन्हींनी फरक पडतो. मारा जोरात झाला तर यिगचा वरचा थरच मोडतो. तयार सॅम्पलवर यातलं काहीही करता येत नाही. प्लॅटिनम एकदा बसलं की बसलं.

इथे थांबा

पिरान्हा धुलाई, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, एकट्याने आणि पहिल्यांदाच करायची नाही. सेंद्रिय काही त्यात पडलं, अॅसिटोनचे उरलेले थेंब धरून, तर स्फोट होतो. क्लीनरूममधल्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

विद्युतचुंबकाचा पुरवठा बंद पडत असेल, पाण्याचा प्रवाह कमी दाखवत असेल, तर झाकण उघडायचं नाही. कॉइलमधून प्रवाह चालू असताना तार सोडवली तर तिथे उठणारी ठिणगी नॅनोव्होल्टच्या घरातली नसते. यंत्राच्या इंजिनिअरला बोलवा. नॅनोव्होल्टमीटर उघडून "आत धूळ बसलीय का" बघणाऱ्यांनाही हेच. तारेच्या एका तुकड्याने त्याची दोन टोकं जोडून शून्याजवळ येत नसेल तर त्याला कॅलिब्रेशनला पाठवा. कमी तापमानाला जायचं असेल आणि क्रायोस्टॅटचं व्हॅक्यूम बिघडलं असेल, तर हेलियमच्या जवळपास स्वतःचे प्रयोग करू नका.

आणि ओळखीचं सॅम्पल चांगलं, तुमचं दोनदा बसवूनही वाईट, असं झालं तर फिल्म वाढवणाऱ्याकडे जा. एक्स-रे आणि मॅग्नेटोमीटरशिवाय पुढे जाता येणार नाही.

मला फोन करायचा असेल तर चार गोष्टी हाताशी ठेवून करा: हीटर बंद असतानाची फेरी, प्लॅटिनमचा रोध, दोन वेगळ्या दिवसांचे हीटरचे वॅट, आणि सॅम्पल होल्डरचा वरून काढलेला फोटो. मागच्या महिन्यातला फोन त्या फोटोवरच संपला. बाणाचं टोक चुंबकाकडे होतं आणि तारा त्याच दिशेने निघाल्या होत्या.